राणीनं पाणी का तोडलं

रजत हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि त्यात माझी काडीची चूक नाही. काही माणसांनी तोंड उघडलं की समोरच्याचं डोकं फिरतंच. त्याचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून त्याचं मन भरत नाही, म्हणून संध्याकाळी तो ऑरवेनमध्ये येतो आणि आमच्याशी घासाघीस करतो.

ऑरवेन हा ऑनलाइन गेम आहे. राजे, राण्या, जादू, राक्षस, आणि जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. आम्हा नागपूरच्या खेळाडूंचं त्यात एक गिल्ड आहे, म्हणजे मंडळ म्हणा, नाव झिरो माईल. बाकीच्या गिल्डांना राक्षस मारण्यात रस असतो. आम्हाला त्या जगाच्या मागची कथा लागते, जिला खेळणारे लोर म्हणतात. कोणत्या पुतळ्याखाली काय कोरलंय, कोणती म्हातारी कोणत्या राजाचं नाव घेताना आवाज बारीक करते, आणि त्यावरून पुढचा झोन, म्हणजे पुढे उघडणारा नवा प्रदेश, कसा असेल. यावर आम्ही एकमेकांचे गळे धरतो. घरचे म्हणतात, रिकामटेकडे आहात. असू.

मी हर्षा. नागपुरात बेसाला राहते, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. गाव नरखेड तालुक्यात, घरी संत्र्याची बाग. गेममधल्या माझ्या पात्राचं नाव बायजा. बायजाबाई ही माझी आजी. गेम नागपुरात कोणाला माहीतही नव्हता तेव्हा मी ते नाव घेऊन ठेवलं होतं. ऑरवेनमध्ये एक नाव एकालाच मिळतं. अख्ख्या त्या जगात बायजा एकच, आणि ती मी.

आता भांडण कशावरून झालं ते सांगते. ऑरवेनच्या उत्तरेला हेलिनचं वन आहे, सगळं वाळलेलं. कथा अशी की राणी इस्मेरानं नदी अडवली, वनाचं पाणी तोडलं आणि उत्तर दरवाजा बंद करून पलीकडे निघून गेली. दरवाजाच्या पलीकडे काय आहे ते आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढचा झोन तिथेच उघडणार, एवढं गेमच्या कंपनीनं जाहीर केलं. झालं. जगभरात एकच ओरड सुरू झाली की इस्मेरा चेटकीण आहे, तिनं वन मारलं, पलीकडे राखेचा प्रदेश असणार. रजतचं स्वतःचं यूट्यूब चॅनल आहे, त्यावर त्यानं लगेच व्हिडिओ टाकला. पाठीमागे ढोल, समोर हा, आणि शीर्षक असं की जणू स्वतः राणीनं याला फोन करून सांगितलंय.

मला ते चेटकीण वगैरे ऐकवेना. कारण मी ते वन नीट पाहिलं होतं. वाळलेल्या प्रत्येक झाडाभोवती आळं होतं, मोकळं केलेलं, आत मुळ्या उघड्या. जगातल्या कोणाला त्याचा अर्थ कळला नाही, कारण जगात कोणी नरखेडचं नाही. आमच्याकडे संत्र्याला बहार हवा असला की झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. आळी मोकळी करायची, मुळ्यांना ऊन लागू द्यायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, बाग गेली. मग पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. इस्मेरानं वन मारलं नव्हतं, ताण दिला होता. दरवाजाच्या पलीकडे पाणी असणार आणि फुलं असणार. मला याची पक्की खात्री होती.

खात्रीचं कारण आजी. ती मला लहानपणी सांगायची की एका उन्हाळ्यात तिनं सगळ्या गावापेक्षा जास्त ताण दिला. गाव म्हणालं, ही बाई वेडी आहे, ही झाडं मारतेय. बायका तिच्याशी विहिरीवर बोलेनाशा झाल्या. ती हलली नाही. आणि शेवटी बाग अशी फुलली की लांबून पांढरी दिसायची. ही गोष्ट मी शंभरदा मागून मागून ऐकली आहे. तेव्हा पाणी तोडणाऱ्या बाईला कोणी चेटकीण म्हणालं की मला ते घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखं लागतं.

गिल्डमध्ये मी हे सगळं मांडलं. आम्ही सगळे कानाला हेडफोन लावून बसलो होतो. माझं बोलणं संपायच्या आत रजत हसायला लागला.

"ऐकून राहिले का बे सगळे? राणीनं जंगलाले ताण दिला म्हणते. हे राणी आहे का नरखेडची मावशी?"

"तुले संत्रं फक्त सोलून खाणं माहीत आहे," मी म्हटलं. "पाणी तोडलं म्हणजे झाड मारलं असं नसते. तू आपले कापडाचे थान मोज. झाडाचं तुले काय समजते?"

"मले इतकं समजते का मेलेलं झाड मेलेलं असते. दरवाज्याच्या फटीतून राख उडून राहिली, ते नाही दिसत तुले? कंपनीचं पोस्टर करडं आहे, ते नाही दिसत? तुले फक्त बाबाची बाग दिसते."

"अन् तुले फक्त चॅनल दिसते."

"मंग लाव बोली."

बोली ही आमच्या गिल्डची रीत. नवा झोन उघडण्याआधी ज्याला भांडायचं असेल त्यानं आपला अंदाज सगळ्यांसमोर बोलायचा आणि आपल्या पात्राची एखादी वस्तू पणाला लावायची. तलवार, घोडा, काहीही. हरला की ती वस्तू ज्याच्याशी भांडला त्याची. दरवाजा उघडेपर्यंत "माघार" एवढा एक शब्द बोलून बोली मोडता येते. पण माघार घेणाऱ्याला पुढे वर्षभर चिडवतात, म्हणून सहसा कोणी घेत नाही.

"लावली," मी म्हटलं. "काय पाहिजे तुले?"

"नाव. तुह्यं बायजा."

नाव आजवर कोणी लावलं नव्हतं.

"माह्या हमालाले अजून चांगलं नाव नाही ठेवलं," रजत म्हणाला. हमाल म्हणजे त्याचं दुसरं पात्र. ते लढत नाही, फिरत नाही, नुसतं बाजारात उभं राहून याचा माल पाठीवर घेतं. "बायजा शोभते. ओझं वाहणारी बाई."

त्या क्षणी रजत माझ्यासमोर असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी म्हटलं, "अन् तू हरला तर चॅनलवर येऊन सांगशीन, का मले झाडाचं काही समजत नाही. बायजाचं नाव घेऊन माफी मागशीन."

"मंजूर."

मेघा आमच्या गिल्डची प्रमुख. कॉलेजात भूगोल शिकवते, आणि आमच्यात जरा डोकं ठिकाणावर असलेली तीच. तिनं मला नंतर फोन केला. "काहून वं असं केलं? घोडा लावायचा ना."

"मी हरत नाही."

"हरली तर?"

"मी हरत नाही म्हटलं ना, मेघा!"

तिनं फोन ठेवला. मी ठरवलं की नुसतं बोलून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे. डिसेंबर होता, घरची बाग ताणावरच होती. गावी जायचं, वाळलेली झाडं दाखवायची, आळी दाखवायची, बाबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून आजीच्या त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायला लावायची, आणि तो व्हिडिओ रजतच्या तोंडावर मारायचा. शनिवारी एसटी पकडली. काटोलपर्यंत उभी होते, पण रागात पाय दुखत नाहीत.

माझे बाबा, बाबाराव, बोलायला फार कंजूस. मोबाइल समोर धरला तर टोपी नीट करून ताठ उभे राहिले. मी विचारलं, "बाबा, ताण म्हणजे काय ते सांगा." त्यांनी सांगितलं, मुद्देसूद, मला हवं होतं तसं. मनात म्हटलं, रजत, आता बघ. मग विचारलं, "अन् आजीनं त्या उन्हाळ्यात एवढा मोठा ताण काहून दिला, ते सांगा."

बाबा म्हणाले, "कोणता ताण?"

"तो. गावानं वेडी म्हटलं तो. बाग पांढरी झाली तो."

"ताण कुठचा वं? भांडण होतं ते."

मोबाइल मी खाली घेतला नाही. घ्यायला हवा होता.

"वामनकाकाशी," बाबा म्हणाले. वामनराव म्हणजे आजीचे धाकटे दीर, शेजारची बाग त्यांची. "आमचे बाबा गेले, हिस्से झाले. तवा काका बोलून गेला, का बाईमाणसाच्यानं बाग सांभाळणं होत नाही. ते बसलं तिच्या डोक्यात. त्याच साली आपली विहीर आटली. काकाच्या बोअरले पाणी होतं. त्यानं पाइप आणून बांधावर टाकला. म्हणे, घे वहिनी, चुकलं माह्यं, झाडायशी काहून दुश्मनी? तिनं तिकडं पाहिलं नाही. लोकायले सांगे, मी ताण देऊन राहिली."

"अन् बाग फुलली ते?"

"बांधाकडची एक ओळ फुलली. पाइप गळे ना तिथं. बाकी अर्धी बाग वाळली. तोडून चुलीत घातली आम्ही. दोन वर्षं संत्र्याचं लाकूड जाळलं."

"मले कधी सांगितलं काहून नाही?"

"ती इतक्या कौतुकानं सांगे. अन् तुले आवडे." त्यांनी टोपी काढून झटकली. "सुरू आहे का तुह्यं ते? पुसून टाक. घरातल्या गोष्टी आहे."

मला आजीचा राग यायला हवा होता, पण बाबांचा आला. इतकी वर्षं हा माणूस गप्प बसला आणि तोंड उघडायला त्याला हाच महिना सापडला! मी जेवले नाही. काकू, म्हणजे वामनरावांची सून शोभाताई, पलीकडच्या घरून पिठलं घेऊन आली होती, तिच्याशीही धड बोलले नाही. रविवारी परत आले आणि येता येता एसटीत व्हिडिओ पुसून टाकला.

दरवाजा उघडायला अजून अवकाश होता. मेघाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तर माघार घे ना, हर्षा. तुह्या अंदाजाचा पायाच गेला."

"आजीचं वेगळं, राणीचं वेगळं," मी म्हटलं. "ताण खोटा नाही ना! बाबा आताही देऊनच राहिले. आळी तर आहेत वनात. ती कोणी काहून खणेल?"

हे बोलताना माझा आवाज चढला होता आणि मला ते कळत होतं. मनातून मी डगमगले होते. कंपनीतली जी माणसं परदेशात बसून झाडं काढतात, त्यांनी संत्र्याची बाग बघितली असेल का, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. आता पडला आणि जाईना. ऑफिसात एका जिन्याच्या पायऱ्या मी उलट्या बाजूला काढल्या. एका संध्याकाळी गिल्डच्या ग्रुपवर "माघार" असं लिहूनही ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं.

तेवढ्यात रजतचा मेसेज आला. मेघानं त्याला काहीतरी सांगितलं असणार. "माघार घेते का वं? घे, लाजू नोको. कोणी हसणार नाही." आणि खाली हसणारी तोंडं, ओळीनं.

मी लिहिलेलं खोडलं आणि त्याला पाठवलं, "माफीचं भाषण पाठ कर."

दरवाजा जानेवारीत उघडला. त्या संध्याकाळी सगळं गिल्ड उत्तर दरवाजासमोर जमलं होतं. मी बायजाला हिरवा झगा घातला होता, तिचा सगळ्यात चांगला. दगडी दारं हळूहळू सरकली. आधी काही दिसलं नाही. मग दिसली ती राख. जमीन राखेची, आभाळ राखेचं, आणि त्यात काळी ठिक्कर झाडं, क्षितिजापर्यंत. प्रत्येक झाडाभोवती आळं. पहिल्याच वळणावर एक आंधळा पहारेकरी बसला होता, त्यानं सांगून टाकलं की ती आळी राणीनं तेल ओतायला खणली होती. आधी झाडं वाळवली, मग पेटवली. का, ते कोणालाच कळलं नाही, म्हणाला.

मी रजतच्या हसण्याची वाट बघत होते. खरं सांगते, मला ते हवं होतं. तो हसला असता तर मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या, नाव फेकून दिलं असतं आणि गेले असते.

तो हसला नाही. म्हणाला, "हर्षा, राहू दे."

"काय राहू दे?"

"नाव. ठेव तुह्यं तुले. मी रागात बोललो होतो. आजीचं नाव आहे, मले माहीत नव्हतं तवा. मेघानं सांगितलं."

"बोली म्हणजे बोली."

"अवं, पण मले नाही पाहिजे ना! मी जिंकलो, तर मीच सोडतो. सगळे ऐकून राहिले. ठेव."

त्याच्या आवाजात दया होती. गांधीबागेतला तो दुकानदार, जो गिऱ्हाइकाला एक रुपया सोडत नाही, तो मला माझ्या आजीचं नाव सोडून देत होता. वर सगळे ऐकून राहिले म्हणे! मेघा म्हणत होती, "घे ना वं, हर्षा, घेऊन टाक, संपव." बाबांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. शब्दन् शब्द आठवत होता.

"तुह्या दानावर जगत नाही मी," असं म्हणून मी नाव बदलायची खिडकी उघडली. नवं नाव विचारलं तर 'हर्षा' आधीच कोणीतरी घेतलेलं. मग हाताला लागली ती अक्षरं दाबली. पडद्यावर बायजाच्या डोक्यावरचं नाव गेलं आणि तिथे वाचताही येणार नाही असं काहीतरी आलं. हिरवा झगा तोच, चेहरा तोच. मी हेडफोन काढून ठेवला आणि रडले. हरले म्हणून नाही, त्यानं मला रडवलं म्हणून.

सोडलेलं नाव गेममध्ये कोणालाही घेता येतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले, रजतचा हमाल बघायला. त्याचं नाव तेच जुनं, काहीतरी भंगार. पुढच्या दिवशीही तेच. आठवड्यानं रजतचा मेसेज आला. "नाव मोकळं आहे. मी घेतलं नाही, घेणार पण नाही. तू घेऊन टाक, मी कोणाले सांगणार नाही." मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. मेघा दोनदा बोलली, मग तिनं बोलणं सोडलं. रोज कामावरून आले की मी नाव बदलायची खिडकी उघडायची, तिथे बायजा लिहून बघायची. हे नाव उपलब्ध आहे, असं हिरव्या अक्षरांत यायचं. बोट खाली दाबलं की झालं असतं, फुकटात. मी खिडकी बंद करायची.

मग एकदा लाल अक्षरं आली.

मला वाटलं रजतनंच घेतलं शेवटी, आणि देवाची शपथ, मला हायसं वाटलं. म्हटलं आता मनापासून शिव्या देता येतील. तशीच बाजारात धावले. हमालाचं नाव तेच जुनं होतं. बायजा दुसरीकडे उभी होती, चौकातल्या कारंज्यापाशी, नवख्यांना मिळतात ते तपकिरी कपडे घालून. कोण होती कोण जाणे. पहिल्याच दिवसाची खेळाडू, एका जागी गोल गोल फिरत होती, चालायचं कसं तेही कळत नव्हतं. बहुतेक तिच्याही घरात कोणी बायजा असेल, नाहीतर नुसतं आवडलं असेल.

तिनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "मैं नई हूँ. हेलिन का जंगल किधर है? कोई बताएगा?"

मी तिच्यासमोरच उभी होते. मला त्या वनातलं झाड न् झाड माहीत होतं. मी काही लिहिलं नाही.

रजत आपलं लढणारं पात्र घेऊन चौकात आला होता, त्यानं लिहिलं. कोणत्या फाटकातून जायचं, पूल कुठे आहे, लांडगे कोणत्या बाजूला असतात, सगळं नीट सांगितलं, आणि मग स्वतःच तिच्या पुढे चालायला लागला. बायजा त्याच्या मागे मागे गेली.